पंचविसाला एक

ओरिएताने गोणपाटावर सगळं मांडलं आणि मोजलं. पेट्रोलवरची करवत एक, एकेकाळी लाल, आता विटेच्या भुकटीच्या रंगाची; बटाट्यांच्या ताणकाट्याला टांगल्यावर नऊ किलो दोनशे. पन्नास सेंटिमीटरची पट्टी एक. साखळी एक, गंजून पट्टीला घट्ट धरलेली. दात छत्तीस, त्यांतले दोन तुटके. स्क्रूंची भोकं तेवीस, स्क्रू एकोणीस. हवेच्या गाळणीच्या जागी उंदराचं घरटं, रिकामं. सुरू करायची दोरी नव्हती. ती अकरा वर्षं मेंढ्यांच्या फाटकाला बांधलेली होती आणि तिथे तिची काही तक्रार नव्हती.

मग ती बाहेर गेली आणि दुसरं माप घेतलं. घराच्या उंबऱ्यापासून कड्याच्या कडेपर्यंत चार मीटर वीस सेंटिमीटर. वर्षापूर्वी हेच अंतर सात मीटर साठ होतं. ऑगस्टच्या वादळात समुद्राने एका भरतीत लसणाचा वाफा, कोंबड्यांचं खुराडं आणि त्यांच्या खालची जमीन नेली होती. एक कोंबडी तेवढी परत आली.

"मोजल्याने लांब होणार आहे का ते?" एदुविनाने, तिच्या आईने, खिडकीतून विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत किसलेल्या बटाट्यात होते.

"नाही. पण किती घाबरायचं ते कळतं."

"मला न मोजताच कळतंय."

तो रविवार होता. शनिवारी घर ओढायचं होतं. चिलोए बेटावरची घरं लाकडाची. जमीन सुटली तर माणसं घर सोडत नाहीत, घर घेऊन जातात. भिंती, छप्पर, सगळं तसंच दोन लांब ओंडक्यांवर चढवायचं, पुढे बैलजोड्या जुंपायच्या आणि हवं तिथे ओढून न्यायचं. गाव इर्जिकीला येतं. ज्याचं घर तो मेंढरू कापतो, सफरचंदाची दारू काढतो, आणि पुढे कोणाचं घर निघालं की आपले बैल घेऊन जातो. ओरिएता आठवडाभर दारोदार फिरली होती. प्रत्येक दारात उभं राहून, रीतीप्रमाणे तेच वाक्य म्हणाली होती: शनिवारी घर हलवायचंय, तुमच्याशिवाय होणार नाही. आठ जोड्या कबूल झाल्या होत्या. पुढच्या सोमवारपासून बटाट्याची काढणी. मग एकही बैल मोकळा नाही. आणि काढणी संपायच्या आत मार्चची उधाणं येणार.

सगळं होतं. फक्त घराखाली घालायचे दोन ओंडके नव्हते, अकरा अकरा मीटरचे. ते रानात उभे होते, पानांसकट.

गावात चालू करवती दोन. एक घेऊन तिचा मालक कामासाठी दक्षिणेला गेलेला. दुसरी लिसांद्रो बार्रियाची, पिवळी, नवी. सकाळीच प्रार्थनेहून परतताना ओरिएता त्याच्या वखारीत गेली होती. लिसांद्रोने तिला बसायला सांगितलं नाही.

"घर तुझ्या आजोबांच्या वेळचं," तो म्हणाला. "ओढलंत तर वाटेतच बसकण मारेल. त्यापेक्षा मी उतरवून देतो. फळ्या अर्ध्या तुमच्या, अर्ध्या माझ्या."

"उतरवायचं नाही. ओढायचंय."

"मग ओंडके कशाने पाडणार? दाताने?"

वखारीतले दोघे गडी हसले. ओरिएताने ते हसून संपेपर्यंत वाट पाहिली.

"एक दिवस करवत दे. पेट्रोल माझं."

"ही खेळणं नव्हे, पोरी. शिंपले मोजणाऱ्या हातांचं काम नाही हे." तो आपल्या पिवळ्या करवतीकडे वळला. "पुढच्या आठवड्यात बघू. तोवर फळ्यांचा विचार कर."

शिंपल्यांच्या कारखान्यात ती वजनकाट्यावर होती, हे खरं. दिवसाला चारशे क्रेट. तिने घरी येऊन कोठीचं दार उघडलं, जाळी झाडली आणि बापाची करवत बाहेर काढली.

दुपारी बेलिसारिओकाका आला. बापाचा धाकटा भाऊ, एकाहत्तर वर्षांचा, होडीवर जन्म गेलेला. उजवा खांदा कामातून गेला होता आणि डावा कान त्याच्याही आधी. गोणपाटासमोर उभा राहून त्याने टोपी काढली.

"हे काय, मयताची तयारी?"

"दुरुस्त करतेय, काका."

"ती मेली आहे. मी स्वतः होतो तिथे. एकदा किंचाळली, मग गप्प झाली. तुझ्या बापाने तिला तिथेच ओंडक्यावर ठेवलं आणि घरी येऊन जेवला."

"पण मेली कशाने?"

"म्हातारपणाने."

"तेव्हा ती सहा वर्षांची होती."

"करवतींचं वय वेगळं असतं," काका म्हणाला, आणि चुलीवर काय शिजतंय ते बघायला आत गेला.

अन्सेल्मोने, तिच्या बापाने, त्यानंतर दुसरी करवत घेतली नाही. कुऱ्हाड काढली. पुढची आठ वर्षं, मरेपर्यंत, घरचं सगळं जळण त्याने कुऱ्हाडीने फोडलं. पाठीत कळ आली की दाराच्या चौकटीला पाठ घासायचा. त्या जागेचा रंग अजून गेलेला होता.

सोमवारी ओरिएताने कारखान्यातून आठवड्याची रजा घेतली. प्लग काढला, भोकातून रॉकेल ओतलं आणि अर्धा दिवस वाट पाहिली. मग चाकाच्या नटाला पाना लावून रेटलं. हललं नाही. पुन्हा रॉकेल, पुन्हा वाट. चौथ्या वेळी नखाच्या जाडीएवढं सरकलं. ती थांबली, पाना दुसऱ्या दिशेला लावला, आणि तेवढंच मागे आणलं. पुढे, मागे. तासाभराने चाक पूर्ण फिरलं. तिच्या तळहातावर पान्याचा आकार उमटला होता.

मग सिलिंडरचे चार बोल्ट काढून तिने तो वर उचलला. पिस्टन बाहेर आला. ज्या बाजूने हवा आत येते ती बाजू आरशासारखी होती. ज्या बाजूने धूर बाहेर जातो ती नांगरल्यासारखी: उभे चरे, वरपासून खालपर्यंत. वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीवर राखाडी लेपासारखं बसलेलं. दोन रिंगांपैकी एक मोडलेली.

ती बराच वेळ ते बघत राहिली. वाळू गेली असती तर चरे हवेच्या बाजूला हवे होते. ते तापलेल्या बाजूला होते. म्हणजे तेल कमी पडलं होतं. पण या इंजिनाला वेगळं तेल नसतंच. पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. आणि तेल मिसळायला बाप कधीही विसरत नसे.

"आई, तेल घालायला विसरले असतील का गं बाबा?"

"तुझा बाप?" एदुविना म्हणाली. "दिव्याची वात विसरेल, लग्नाचा दिवस विसरेल. त्या यंत्राचं तेल नाही विसरायचा."

तो लेप काढायचा होता. पॉलिश पेपरने घासलं तर खालची कडक भिंत खराब होणार. मंगळवारी सकाळी ओरिएताने आईकडे साबणाचा सोडा मागितला.

"आता साबण करणार आहेस?"

"सोडा ॲल्युमिनियम खातो. आतली भिंत खात नाही, ती वेगळ्या धातूची आहे. फक्त बाहेरच्या, गार ठेवणाऱ्या पात्यांना लागता कामा नये, त्याही ॲल्युमिनियमच्याच आहेत."

आईने तिच्या हातातला डबा काढून घेतला. "असा वाटीत ओतून? बोटं नकोशी झालीत का? काडीला कापूस गुंडाळ. एक घोट पाणी आधी, सोडा नंतर. चाळीस वर्षं हा सोडा हाताळतेय, एक डाग दाखव अंगावर."

मग तिने आपला चष्मा चढवला, सिलिंडर मांडीवरच्या फडक्यात धरला आणि कोकराला औषध पाजावं तशी काडी आत नेली. राखाडी लेपावर बुडबुडे उठले. बारीक सूंऽ असा आवाज आला.

"खातोय की गं!"

"हळू. बुडबुडे थांबले की पुसायचं."

"मला शिकवू नकोस."

अकरा वेळा लावलं, अकरा वेळा पुसलं. बाराव्या वेळी बुडबुडे आले नाहीत. ओरिएताने पाण्याने, मग तेलाने धुऊन भिंतीवर नख फिरवलं. वरून खाली, खालून वर. कुठेही अडकलं नाही. आईनेही फिरवून पाहिलं, आणि सोड्याच्या डब्याचं झाकण लावलं. पण तो डबा दिवसभर टेबलावरच राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

पिस्टन ओरिएताने बारीक कानसीने आणि पॉलिश पेपरने सारखा केला. चरे होते, पण त्यांचे उठलेले काठ गेले.

बुधवारी ती बसने कास्त्रोला गेली. सुट्या भागांच्या दुकानात तिच्या आधी चार पुरुष होते आणि तिच्यानंतर आलेले तीनही तिच्या आधी झाले. दुकानदाराने करवतीचं नाव ऐकून मान हलवली. "त्या करवतीचे भाग मी शाळेत होतो तेव्हाच बंद झाले. घरी कोणी पुरुष असेल तर त्याला पाठवा, मी समजावून सांगतो."

"नाव राहू द्या," ओरिएता म्हणाली. "पिस्टनची रिंग. व्यास पन्नास मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटर, टोकांना आतून खाच. कुठल्याही इंजिनाची चालेल."

दुकानदाराने चष्मा कपाळावर नेला, तिच्याकडे पाहिलं आणि मागच्या खणात हात घातला. फवारणीच्या पंपाची रिंग निघाली. पन्नास, दीड. खाच मात्र वेगळी. "ही बसणार नाही हं."

"खाच मी करून घेईन."

कार्बोरेटरची पातळ पडदी, पेट्रोलची नळी आणि दोन मीटर दोरी यांना नावं विचारावी लागली नाहीत.

घरी येऊन तिने खाच कोरली. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरकवली आणि टोकांमधली फट मोजायला पातळ पट्टी घातली. शिरेना. तापली की रिंग वाढणार आणि टोकं एकमेकांवर चढणार. कानसीचे दोन हात, मोजमाप. पुन्हा दोन हात. नवव्या वेळी पाव मिलिमीटरची पट्टी घर्षण न होता गेली. जुनी शाबूत रिंग, ही नवी रिंग, पिस्टन, सिलिंडर, चार बोल्ट.

गुरुवारी साखळीचं तेल सोडणारा पंप. बाप त्यात समुद्रसिंहाची चरबी घालायचा, सगळेच घालायचे. ती आत सुकून शिंगासारखी झाली होती. उकळतं पाणी आणि आईचा सोडा. वास असा उठला की कुत्रा कुंपणापलीकडे गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही. मग चौतीस दात, प्रत्येकाला कानसीचे पाच हात, एकाच कोनात.

शेवटी टाकी. अकरा वर्षांचा चिखल आणि चरबी खरवडताना तोंडाजवळ तिच्या बोटाला काहीतरी लागलं. चरा नव्हता, उठाव होता. डोळ्यांना काही दिसेना. तिने परातीतलं चिमूटभर पीठ त्यावर चोळलं आणि फुंकर मारली. पांढऱ्या पिठात आकडे उभे राहिले.

एकास पंचवीस.

ती तशीच कोठीत गेली. काकाच्या होडीच्या इंजिनाचं पेट्रोल तिथे मोठ्या डब्यात असायचं, बापाच्या वेळेपासून. पाच लिटरला शंभर मिली तेल. एकास पन्नास. घरात मिश्रण एकच होतं. होडीलाही तेच, करवतीलाही तेच. गावात सगळ्यांच्या घरी एकच डबा होता.

"आई, तेल घातलेलं होतं," ती परत येऊन म्हणाली. "अर्धं."

कोकरांच्या दुधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा होत्या. तिने दोनशे मिली तेल मोजलं, एका लहान डब्यातल्या पाच लिटर पेट्रोलमध्ये ओतलं आणि तो डबा रानात न्यायच्या अवजारांपाशी ठेवला.

दोरी बसवल्यावर तिने आधी एक परीक्षा घेतली. दोरीची मूठ धरून आख्खी करवत जमिनीवरून उचलली. आतली हवा धरून ठेवत नसेल तर करवत धाडकन खाली जाते. ती लटकली. मग श्वास सोडावा तशी एक टप्पा खाली आली, थांबली, आणखी एक टप्पा. जमिनीला टेकायला सात सेकंद लागले.

चौदा वेळा ओढून काही नाही. पंधराव्याला खोकली. सोळा, सतरा, अठरा. एकोणिसाव्याला सुरू झाली.

निळा धूर उठला. कोंबड्या, जुनी आणि नव्या, एकदम उडाल्या. एदुविना खिडकीत आली.

"धूर घरात येतोय! लांब नेऊन चालव!" ती ओरडली, आणि पुन्हा बटाट्यांकडे वळली. खिडकी मात्र तिने लावली नाही.

शुक्रवारी सकाळी बारीक पाऊस होता. रान घरापासून चढावर. ओरिएताच्या पाठीवर करवत, हातात लहान डबा; मागे काका, कमरेला कुऱ्हाड, झोळीत लाकडी पाचरी, आणि चांगल्या हातात आणखी एक डबा.

"तो कशाला, काका?"

"कमी पडलं तर? तुझ्या बापाबरोबर येताना हे काम माझंच असायचं." पाऊस त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूने होता आणि चढ दमवणारा, ओरिएताला वाटलं, त्याच्याकडे पाण्याचाच डबा आहे बहुतेक. पुढे काही विचारायचं राहून गेलं.

काकाने झाडं निवडली. दोन कोइग्वे, सरळ, छातीच्या उंचीला सेहेचाळीस सेंटिमीटर. त्याने पहिल्याच्या खोडावर हात ठेवला, वर पाहिलं, भोवती एक फेरी मारली. "इकडे पडेल. खाच इथे. मी सांगेन तेव्हा थांब."

करवत खोडाला लागली. पहिल्या क्षणी हाताला झटका बसला, मग पट्टी आत शिरली. पिठासारखा भुसा पडला असता तर दात बोथट. पडले ते नखाएवढे कपचे, ओले, तिच्या बुटांवर. काकाने पाचर ठोकली. "थांब!" ती थांबली. झाड आधी नुसतं कण्हलं, मग उतारावर अगदी त्याने दाखवलेल्या जागी आडवं झालं. थेंबांचा एक पाऊस वेगळा पडला.

"बापाचा खांदा दिसतो तुझा," काका म्हणाला. "फक्त तो असा दात खात नसे."

फांद्या छाटून, शेंडा कापून, अकरा मीटरवर खूण करून पहिला ओंडका तयार झाला तेव्हा एक तास पाच मिनिटं झाली होती. टाकी रिकामी. ओरिएता झऱ्यावर तोंड धुवायला गेली. परत आली तर काका टाकीचं झाकण लावत होता. "भरली. चल, दुसरं."

तिने दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू. दुसऱ्या झाडाची खाच झाली, मागचा काप सुरू झाला. चौथ्या मिनिटाला तिला आवाज वेगळा वाटला. बारीक. चिरका. तिने नजर वर केली. सकाळपासून तिच्या डाव्या बाजूला निळा धूर रेंगाळत होता. आता तिथे नुसता पाऊस होता.

तिने करवत बंद केली.

"काय झालं? थांब म्हटलं नाही मी!"

"काका, पेट्रोल कुठल्या डब्यातलं घातलं?"

"कुठल्या म्हणजे? पेट्रोलच्या."

"कुठल्या?"

त्याने आपला डबा पायाने पुढे सरकवला. होडीचा.

ओरिएताने बोट ओलं करून सिलिंडरच्या पात्यांना लावलं. चर्र झालं. ती खाली बसली. करवत झाडाच्या कापात अडकलेली, झाड अर्धं कापलेलं, आणि ती हाताची बोटं मोजावीत तशी मिनिटं मोजत बसली. वीस मिनिटं गार होऊ द्यायचं. त्याआधी हात लावायचा नाही.

"होडीचं इंजिन पाण्यात बसून चालतं, काका. समुद्र त्याला गार ठेवतो. हिला कोण ठेवणार? हिला वारा आणि तेल, दोनच. टाकीवर लिहिलंय, पंचविसाला एक. होडीला पन्नासाला एक. आपण सगळे हिला होडीचं पाजत होतो."

काका पहिल्या झाडाच्या बुंध्यावर टेकला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पावसाचं पाणी त्याच्या टकलावरून भुवयांत उतरत होतं.

"त्या दिवशीही मीच भरली होती," तो म्हणाला.

"बाबांनाही माहीत नव्हतं."

"आठ वर्षं कुऱ्हाड चालवली त्याने. मी शेजारी बसून त्याला सांगायचो, करवती म्हाताऱ्या होतात." त्याने नाक पुसलं. "आणि तो हो म्हणायचा."

मग तो उठला. "ओत ते सगळं बाहेर. आणि तुझ्या डब्याचा वास घेऊ दे मला. एकदा घेतला की परत नाही चुकायचो."

वीस मिनिटांनी तिने प्लग काढला. टोक पांढुरकं पडायला लागलं होतं, पण वितळलेलं काही नव्हतं. टाकी रिकामी करून तिच्या डब्यातलं मिश्रण भरलं. प्लग बसवून करवत कापातून सोडवली, दोरीवर उचलली. लटकली. एक टप्पा, दोन टप्पे. काका ओठ हलवत मोजत होता.

"सात," तो म्हणाला.

"सात."

दुसरं झाड पडलं तेव्हा धूर निळा होता. फांद्या छाटून होत आल्या आणि वाटेवर लिसांद्रो उभा दिसला. आवाज खाली वखारीपर्यंत गेला होता. तो दोन्ही ओंडक्यांकडे चालत गेला, कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"कोणी दुरुस्त केली?"

"शिंपले मोजणाऱ्या बाईने," काका म्हणाला. "आणि साबण करणाऱ्या बाईने. मी अडथळा आणला."

लिसांद्रोने न विचारता करवतीच्या दोरीची मूठ धरली आणि तिला उचललं. ती लटकली. तो तिच्या खाली येण्याची वाट बघत राहिला. बराच वेळ हात लांब करून उभा राहावं लागलं त्याला. मग त्याने ती हळूच ओंडक्यावर ठेवली.

"उद्या किती जोड्या आहेत?"

"आठ."

"चढ आहे. नऊ लागतील," तो म्हणाला. "नववी माझी."

शनिवारी आठ वाजता अंगणात माणसं मावेनात. चूल आणि धुराडं आधीच उतरवलं होतं. तरफांनी घर एकेक कोपरा उचललं गेलं, ओंडके खाली सरकले, साखळ्या बांधल्या. नऊ जोड्या एकापुढे एक, शिंगांना जू बांधलेलं, नाकपुड्यांतून वाफ. एदुविना बाहेर यायला तयार नव्हती.

"मी आतच बसते. समुद्रात गेलं तर त्याच्याबरोबर जाते, वर गेलं तर वर."

"मावशी, तुमचं वजन बैलांनी ओढायचं का?" कोणीतरी ओरडलं.

"जेवायला याल ना दुपारी? तेव्हा माझ्या वजनाची आठवण ठेवा!"

"लाव जोर!" पराण्या उचलल्या गेल्या. पहिल्या ओढीला नुसत्या साखळ्या ताठ झाल्या. दुसऱ्या ओढीला कुठेतरी एक फळी कडाडली, आणि घर निघालं. खिडक्यांसकट, पडद्यांसकट, बापाने पाठ घासलेल्या चौकटीसकट. माणसं दोन्ही बाजूंनी पळू लागली. ओंडक्यांखाली चिखल लोण्यासारखा दबत होता.

वरच्या कुंपणापाशी घर थांबलं. डाव्या ओंडक्याचं तोंड गवतात लपलेल्या जुन्या बुंध्यावर चढून बसलं होतं. घर चढावर तिरकं उभं, मागे उतार, उताराच्या खाली समुद्र.

"सोडू नका! ताण सोडू नका!" लिसांद्रो आपल्या बैलांच्या पुढ्यात उभा राहून ओरडला. बैलांच्या मांड्या थरथरत होत्या. दोघे कुऱ्हाडी घेऊन धावले आणि भिंतीपाशी थबकले. बुंधा भिंतीच्या खाली होता, कुऱ्हाड उगारायला वीतभर जागा नव्हती.

ओरिएता आधीच करवत घेऊन येत होती. चिखलात गुडघे टेकून तिने दोरी ओढली. एक. दोन. सुरू. ती पोटावर सरकत भिंतीखाली गेली. वरून घर तिच्या पाठीपासून दोन बोटांवर कुरकुरत होतं.

"उजवीकडून नको, पोरी!" लिसांद्रोचा आवाज आला. "पट्टी दाबली जाईल! डावीकडून, खालून वर!"

तिने पट्टी डावीकडे घेतली, खालून वर. ओले कपचे तिच्या गळ्यात, कानात, तोंडात. निळा धूर फळ्यांखाली कोंडला. वर, जमिनीच्या फळ्यांवर, आईच्या बुटांचे दोन ठोके पडले: मी आहे. बुंधा सुटला तेव्हा करवतीने एकदम मोकळा सूर धरला. ओरिएता मागे सरकत बाहेर आली आणि उठायच्या आतच ओरडली, "ओढा!"

नऊ जोड्या एकदम निघाल्या. घर बुंध्यावरून एकदा डुललं, खाली बसलं आणि चढत गेलं. एदुविना खिडकीत उभी होती, चौकट दोन्ही हातांनी धरून, शेजारणींना नावं घेऊन हाक मारत. बेलिसारिओकाका चांगल्या हातात लहान डबा धरून घराच्या मागे पळत होता, कोणाला त्याला हात लावू देत नव्हता.

दुपारी मेंढराचं मटण झालं, किसलेल्या बटाट्याचे मिल्काओ झाले, सफरचंदाची दारू तिसऱ्यांदा फिरली. लिसांद्रो चार माणसांना घेऊन बसला होता आणि टाकीवरचे आकडे कुठे असतात ते बोटाने दाखवत होता. त्यातले दोघे जेवण अर्धं टाकून आपापल्या कोठीकडे गेले.

ओरिएताने होडीचा दोर घेतला. दर पाच मीटरवर गाठ मारलेली होती. एक टोक काकाने नव्या जागेतल्या उंबऱ्यावर धरलं, दुसरं घेऊन ती कड्याकडे उतरत गेली. दोर संपला की खुंटी ठोकायची, काकाला हाक मारायची, पुन्हा पुढे. शेवटचा तुकडा तिने मोजपट्टीने मोजला, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजला.

उंबऱ्यापासून कड्याच्या कडेपर्यंत तीनशे सतरा मीटर चाळीस सेंटिमीटर.